फाटकावर दिलेला नंबर

बाबा, तुम्हाला पणती झाली. माझ्या लेकाची लेक. रंगाने आईवर गेलीय, पण कान तुमचे, वरून दुमडलेले. मी तिला एकदाच घेतलंय, दवाखान्यात, तेही नर्सने आपणहून हातात दिली म्हणून. तेवढ्यात तिने माझी करंगळी अशी घट्ट धरली की नर्सला सोडवावी लागली. घरी आल्यावर मी शेजारणीला सांगितलं, मासेवालीला सांगितलं, बिल्डिंगचं पाणी सोडणाऱ्यालासुद्धा थांबवून सांगितलं. आज तिचं बारसं आहे, पापडीला, सुनेच्या माहेरी. आणि मी इथे फुलपाड्याला ओट्यापाशी पाट घेऊन बसलेय, कारण मला बोलावलेलं नाही. आजीला सोडून बारसं करतात का कुठे? पण माझ्या लेकाने तसं ठरवलंय, आणि का ठरवलंय ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. तुम्ही जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. दुसरी शिकलेली बाई मी, लिहिता लिहिता कुठे भरकटले तर सांभाळून घ्या.

आकडे मी शाळेत नाही शिकले, रेल्वे फाटकावरच्या तुमच्या चौकीत शिकले, तेही उलटेसुलटे. फोन वाजायचा, स्टेशनातून सांगायचे गाडी येते, तुम्ही जाऊन फाटक लावायचात, कुलूप घालायचात आणि परत येऊन फोनवर मोठ्याने म्हणायचात, फाटक बंद, नंबर सत्तेचाळीस. कधी तेरा, कधी एक्याण्णव. तो नंबर वहीत लिहायचात. तेवढ्या वेळात आई शेजारी चुलीपाशी भाकरी थापत असली तर हात थांबवायची, बांगड्या वाजू नयेत म्हणून. एखादी भाकरी करपायची, आणि ती नेमकी माझ्या ताटात यायची. एकदा मी विचारलं, नंबर कशाला सांगायचा, नुसतं बंद केलं म्हणालं तर चालत नाही का? तुम्ही म्हणालात, "नंबर दिला म्हंजे शब्द दिला. आता ती गाडी जाईस्तोवर नाय तर स्टेशनवाले सोडतील तोवर फाटक माजं नाय." मला त्या वयात एवढंच कळलं की माझ्या बापाचं फाटक कधी कधी आपलं नसतं.

मग तो दिवस. आईला आठवा संपत आलेला. सुईण म्हणाली पाय पुढे आलेत, माझ्याच्याने होणार नाही, पश्चिमेला सरकारी दवाखान्यात न्या. काकाने बैलगाडीत गोधड्या घातल्या, आईला झोपवलं आणि फाटकाशी आणलं. फाटक बंद. तुम्ही हिरवा झेंडा घेऊन उभे.

"उघड रे, तुजी बायको हाय," काका म्हणाला.

"नंबर दिलाय."

"मग परत घे ना."

"मला नाय घेता येत. त्यांनी सोडला पायजे."

तुम्ही आत जाऊन फोन फिरवलात. ते म्हणाले, गाडी मागच्या स्टेशनातून सुटलीय. बाहेर आलात आणि बैलगाडीकडे पाठ करून उभे राहिलात. ती पाठ मला अजून दिसते, खाकी सदरा घामाने मध्येच चिकटलेला. मालगाडी गेली तोवर भाऊ बैलगाडीतच झाला होता. रडला नाही. आई वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचा डबा पूर्वीसारखाच भरायला लागली. तुम्हाला एक शब्दही बोलली नाही. बोलले ते बाकीचे. गावाने ठरवून टाकलं की रूळ मोकळा होता आणि फाटकवाल्याने नोकरीपायी पोर घालवलं. मीही तुमच्याशी बोलायचं सोडलं. लग्न होऊन चांदीपला गेले, तेव्हा पाया पडताना मान वर केली नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा निरोप आला होता. भात कापणीला आलंय असं मी कळवलं. कापणीला अजून दहा दिवस होते.

आता इकडचं सांगते. लेकाने इथे घर घेतलं, म्हणून मी परत आपल्या फाटकाजवळ राहायला आले. आपल्या दोन रुळांचे चार झालेत. खडीचे ढीग, क्रेन, रोज नवे खांब, मला तर आपलं फाटक कुठे होतं तेच आधी सापडेना. फाटकाला आता दांडे आहेत, हँडल फिरवलं की वर जातात. त्याला विजेचं कुलूप बसवलंय. गाडीला सिग्नल दिलेला असला की ते कुलूप सुटतच नाही, फाटकवाल्याने डोकं आपटलं तरी. हे कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं. म्हटलं चला, यापुढे कुणाला बायको बघून विरघळायला नको की पाठ फिरवायला नको, कुलूप काय ते बघेल. आताचा फाटकवाला साताऱ्याकडचा आहे, घरी दोन मुलं, मी कधी ताक नेऊन देते. त्यानेच सांगितलं, "आजी, जुने सिग्नल काढून नवे जोडतायत. तीन दिवस सिग्नल बंद, कुलूप सोडवलेलं. सगळं फोनवर आणि झेंड्यावर." नव्या सिग्नलांची तोंडं गोणपाटाने बांधून ठेवली होती. मी हसून म्हटलं, म्हणजे माझ्या बाबांच्या काळासारखं.

त्याच तीन दिवसांतल्या मधल्या दिवशी सुनेचं पाणी गेलं. पुढच्या आठवड्यात ती माहेरी जायची होती, बॅग भरलेली. भर दुपारी लेकाने रिक्षा आणली, मी तिला धरून मागे बसले. आणि फाटक बंद. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मागे गाड्यांची रांग, नुसते हॉर्न. सून माझ्या मनगटात नखं रुतवून म्हणत होती, "आई, मला नाही सहन होत, काहीतरी करा." लेक उतरून फाटकवाल्याचे हात धरायला लागला, "दादा, उघडा ना, बायको अडलीय, दोन मिनिटांचं काम आहे." रांगेतले लोकही ओरडायला लागले, अरे माणूस आहेस का कोण, गाडी दिसते का कुठे. फाटकवाल्याने दोन्हीकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. हँडलला हात घातला आणि दोन वेढे फिरवले. दांडा वीतभर उचलला.

बाबा, मी रिक्षातून कधी उतरले मला माहीत नाही. मी त्या हँडलवर हात ठेवला होता आणि विचारत होते, "नंबर दिलात का?"

तो म्हणाला, "दिलाय, आजी."

"मग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि हँडल उलटं फिरवलं. दांडा खाली आला. मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारीला रेल्वेची पेन्शन चालू दिसते. लोक हसले. लेक हसला नाही. "आई, बाजूला हो," एवढंच म्हणाला. मी बाजूला झाले नाही. त्या हँडलला धरूनच उभी होते.

गाडी आली. नव्या रुळावरून, पावलापावलाने, पुढे झेंडेवाला चालतोय. खरं तेच लिहिते, तेवढ्या वेळात रिक्षा दोनदा पलीकडे गेली असती. ती गाडी धाडधाड आली असती तर लेकाला दाखवायला माझ्याकडे काहीतरी असतं. तुम्हालाही तसंच झालं होतं ना?

मुलगी झाली ती निळी, आवाज नाही. डॉक्टर तिला घेऊन आत पळाले. दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवली. आता ठणठणीत आहे, पण डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, थोडं आधी आणायला हवं होतं. तेव्हा लेक माझ्याकडे वळला. "तुझ्या बापाने तुझा भाऊ घालवला, हे मला तूच सांगितलंस ना? आणि तू तेच केलंस." दवाखान्यातून त्याने दोघींना परस्पर पापडीला नेलं. तो कपडे न्यायला येतो, मी काही विचारलं तर कपाटाशी बोलल्यासारखं उत्तर देतो. परवा मी जेवायला वाढलं. ताटावरून उठून गेला.

मी तिच्यासाठी कुंची शिवलीय, हिरव्या खणाची, काठाला मोती. सकाळी ती घेऊन फाटकापर्यंत गेले होते. फाटक उघडं होतं, लोक येत जात होते. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. तुम्ही असे दिवस कसे काढलेत सांगा ना. मी घरात असायचे, तुमच्यासमोर वावरायचे आणि तुमच्याशी बोलायचे नाही, आणि तुम्ही रोज संध्याकाळी ओटीवर बसून मला ऐकू जाईल असं आईला विचारायचात, पोर जेवली का. माझे बारा दिवस सरत नाहीत. तुमची किती वर्षं गेली, मोजवत नाहीत.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी मालगाडी गेल्यावर काकाने मला जवळ घेऊन विचारलं होतं, "आमी फाटकाशी आलो तवा तू रुळापाशी व्हतीस, गाडी दिसत व्हती का गो?" मी म्हटलं, नाही. गावाने जे ठरवलं ते माझ्या त्या नाहीवर. मला वळणावर इंजिन दिसलं होतं, बाबा. लांब होतं, बोटाएवढं, पण दिसलं होतं. मी रागात होते. लेकाला लहानपणी गोष्ट सांगितली तीसुद्धा मोकळ्या रुळाचीच. हे खरं म्हणजे आज त्याला लिहायला हवं. तो वाचेल आणि मग काय म्हणेल याची भीती वाटते, म्हणून तुम्हाला लिहिलं.