गोधडीवरची टीप

आई,

तुझी गोधडी माझ्या मांडीवर आहे आणि मी तिच्यावरची मशीनची टीप उसवते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी बोलायला निमित्त निघालं ते हे. इथे चेन्नईत, पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये, खिडकीला खुर्ची लावून बसले आहे, कारण पांढऱ्या कापडावरचा पांढरा दोरा मला आता भर उजेडातच दिसतो.

टीप मारून आणली तुझ्या नातसुनेनं. तिचा दोष नाही, हे आधी सांगते, म्हणजे तू वरून डोळे वटारायला नकोस. मुलगी तमिळ, सिरुसेरीला आयटी कंपनीत नोकरी करते, आता दिवस भरत आलेत. आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर निजवतात, माझ्या आईनं शिवलेली माळ्यावर आहे, असं मी कधीतरी बोलून गेले होते. तिनं ते लक्षात ठेवलं. माझ्या नकळत गोधडी खाली काढली, धुतली आणि बघते तर टाके सैल, कापडाला जागोजागी चुण्या. तिला वाटलं, शिवण सुटत चालली आहे. गोधडीला चुण्या असायच्याच असतात, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या घरात कुणी गोधडी पाहिलेलीच नव्हती. तिनं ती दुकानात नेली आणि तिथल्या माणसानं इमानेइतबारे या काठापासून त्या काठापर्यंत शंकरपाळ्यासारखी टीप मारून दिली. माझ्यासमोर उलगडताना ती इतकी खूश होती की मी ‘छान झालीय’ म्हटलं. हात लावला तर गोधडी पत्र्यासारखी ताठ. मी स्वयंपाकघरात गेले आणि सांबाराखालचा गॅस उगाच कमीजास्त करत राहिले. राग आला होता, रडूही येत होतं, आणि दोन्ही दाखवायची सोय नव्हती.

फॅक्टरीच्या क्वार्टर्समधला तो मे महिना आठवतो. तू जमिनीवर लुगडी अंथरून बसली आहेस, शेजारच्या मामी दारात उभ्या राहून ‘इदु एदुक्कु?’ विचारताहेत. मद्रासच्या उन्हाळ्यात हे कशाला, असं त्यांना वाटणं साहजिकच होतं. तू तुझ्या मोडक्या तमिळमध्ये काहीतरी सांगतेस आणि दोघी हसता. तू काठापासून सुरुवात करून गोल गोल आत येते आहेस. मला एक कोपरा दिला आहेस. मी जीभ बाहेर काढून दोरा घट्ट ओढते, एकेक टाका मोजून मापून घालते आणि शाबासकीची वाट बघते. तू बोटांनी चाचपतेस आणि ती अख्खी ओळ कापून टाकतेस.

“आवळू नको गं तिला. माणसानं अंग टाकलं की गोधडीनं जागा दिली पाहिजे.”

मी फुगून बसले होते. जेवलेही नाही बहुतेक. पण तेव्हा कळलं नाही ते या टिपेनं समजावलं.

उसवायला मी बसले ती सून ऑफिसला गेल्यावर. मागच्या बाजूनं थोड्या थोड्या अंतरावर टाका कापायचा, मग वरचा दोरा हलकेच उचलायचा. घाई केली की जुनं कापड फाटतं. ते जमलं, पण पहिला चौकोन मोकळा झाला आणि मी कात्री खाली ठेवली. मशीनच्या सुईनं तुझा दोराही जागोजागी तोडला होता. टीप निघाली तसे तुझे टाकेही बारीक तुकडे होऊन हातात आले. गोधडी कपाटात टाकून दिली. म्हटलं, राहू दे, निदान टिपेखाली तुझं काही शिल्लक तरी आहे. सकाळी पुन्हा काढली. बाळ पत्र्यावर निजणार नाही, एवढं ठरवून टाकलं. टीप सगळी काढायची आणि तुझ्या टाक्यांच्या भोकांतून मऊ सुती दोरा पुन्हा घालायचा.

एक दिवस सून दुपारीच घरी आली. मांडीवर गोधडी, फरशीवर दोऱ्यांचा कचरा. “अत्तै, पिडिक्कलैया?” आवडलं नाही का, एवढंच तिनं विचारलं, पण चेहरा पडला होता. थाप मारायची मी तयारी करून ठेवली होती, ऐन वेळी जमली नाही.

“तू केलंस ते आवडलं,” मी म्हटलं. “टीप नाही आवडली.”

मग मी गोधडी पलंगावर पसरली आणि तिला निजायला सांगितलं, आधी टिपेच्या बाजूला, मग मोकळ्या केलेल्या बाजूला. पोट सांभाळत ती हळूच कुशीवर वळली. बराच वेळ तळहात इकडे तिकडे फिरवत राहिली. उठली ती भुवया कोरायचा चिमटा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून दोऱ्याचे तुकडे वेचायला लागली. आधी सांगितलं असतं तर एवढ्यात झालं असतं, म्हणून मला बोलणीही बसली.

आता सुट्टीच्या दिवशी ती वेचते आणि मी टाके घालते. एक बाजू अजून ताठ आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ आली आहे, बोटांना भोकं पडली आहेत, पण बाळ घरी येण्याआधी मी हे पुरं करणार.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून सांगते. काल सून मधल्या भागावरून हात फिरवत म्हणाली, “पाट्टींचा हात किती मऊ होता.” आजींचा, म्हणजे तुझा. त्या भागात तुझा एकही टाका उरलेला नाही, सगळे माझे आहेत. मी म्हटलं, “हो, तिचा हात तसाच होता.”