भार्गवीचा खांदा
चामराजपेट, बेंगळूर
मार्च १९९६

अण्णा,

तीर्थरूप लिहायला हात धजत नाही. डॉक्टरांनी मला खेळू देऊ नका म्हणून तुम्हाला बजावलं होतं, हे तुम्ही फायनल संपल्यावर सांगितलंत. मी जिंकले, पण त्या दुखावलेल्या खांद्याने पुन्हा सर्व्हिस करता आली नाही. चोविसाव्या वर्षी माझं टेनिस संपलं आणि तुम्ही म्हणालात, "स्वल्प दुखणारच."

आता दादाच्या भार्गवीला तुम्ही कोर्टवर नेता. काल ती खांदा चोळत बसली होती. मी विचारलं, तर म्हणाली, "आत्या, आजोबांना सांगू नकोस."

तिची रॅकेट मी माझ्या घरी आणून ठेवली आहे. ती न्यायला तुम्ही याल, तेव्हा हे सगळं तोंडावरच बोलेन. म्हणून हे पत्र टाकत नाही.

रेवती