ओट्याची उंची

मंगळवार, १४ तारीख
दुकानातून

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे, तूही असशील असं धरून चालते. दोन वर्षांत तू कळवलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. दुकान बरं चाललंय. सध्या लोकांना बाथरूममध्ये काळ्या टाईल्स हव्यात. पाण्याचा थेंब न् थेंब दिसेल म्हणून बजावते, पण हौसेला मोल नसतं. आठवड्याने तेच लोक फडकं हातात घेऊन मला फोन करतात.

मुद्द्याचं लिहिते. काल तुझी लेक दुकानात आली होती. नळ बघायला आले म्हणाली, पण नळांकडे ढुंकूनही पाहिलं नाही तिने. म्हणाली, "मावशी, आई मागच्या खोलीत बुटक्या टेबलावर शेगडी ठेवून स्वयंपाक करते. ओटा नुसता पुसून ठेवते. खांदा वर होत नाही तिचा. ती फळी तिने पुन्हा घरात आणलीच नाही."

मी तिला चहासुद्धा विचारला नाही, इतकी गडबडले.

दोन वर्षांपूर्वी तुझं स्वयंपाकघर मी करून दिलं, तेव्हा ओट्याचं माप घ्यायला आले त्या दिवशी तू कामावर गेली होतीस. आमच्या धंद्यात रीत अशी, की जी स्वयंपाक करणार तिच्या कोपराखाली अर्धी वीत सोडून ओटा घ्यायचा. मी म्हटलं, सख्ख्या बहिणी आपण, असा काय फरक असणार, आणि माझंच कोपर मोजलं. मी तुझ्यापेक्षा चार इंच उंच. ओटा दोन इंच चढला. मग तू पायाखाली लाकडी फळी घेतलीस, आणि फोटो काढायच्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हणाले, "हे लाकूड आधी बाहेर टाक, ताई. सगळी शोभा गेली." तू फळी उचललीस आणि बाहेर गेलीस. त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस.

तुला वाटत असेल, हिला चूक कळलीच नाही. कळली होती गं. ओट्याचा दगड बसला त्याच दिवशी भाजी चिरताना तुझे खांदे कानाला लागलेले मी पाहिले. खालच्या कपाटांना फिरवून उंची कमी-जास्त करायचे पाय असतात. एका दिवसात ओटा खाली आला असता. पण मग मागच्या टाईल्सखाली दोन इंच भिंत उघडी पडली असती, आणि तो फोटो आमच्या कॅटलॉगच्या पहिल्या पानावर जायचा होता. म्हणून मूग गिळून बसले. ताई, मला फार लाज वाटते.

रविवारी सकाळी मिस्त्रीला घेऊन येते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर पाच मिनिटं ओट्यापाशी अनवाणी उभी राहा, बाकी मी बघते. त्या रंगाच्या टाईल्स आता मिळत नाहीत. दोन इंचांची पट्टी वेगळीच दिसेल, आणि येणारा-जाणारा विचारणार. सांग खुशाल, बहिणीने मोजताना चूक केली होती.

तुझं कोपर न मोजलेली,
धाकटी