उजव्या पायाचा मोजा

सर,

गेल्या रविवारी मी आपला फुटबॉल क्लब सोडला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पिंपळगावला द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आहे, पॅकहाऊसच्या दारात टेम्पोंची रांग लागलेली असते, आणि मी सुपरवायझर म्हणवणारा माणूस कारण नसताना उठून फाटकापर्यंत जाऊन येतो. घरी तर विचारूच नका. स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून मी उभा राहतो, हे मला बायकोने सांगितलं तेव्हा कळलं. "बाजूला व्हा बरं, इथे कोणी गोल मारायला आलेलं नाही," ती म्हणाली. बाजूला झालो, तर बाल्कनीच्या दारात जाऊन उभा राहिलो. हातांना काय काम द्यावं तेच समजत नाही. शेवटी आज वही ओढली आणि म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की क्लबातल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला किटच्या खोलीतल्या फोटोतच पाहिलंय. पण रविवारी जे झालं ते फक्त तुम्हालाच कळेल. खरं म्हणजे त्याचं उत्तर फक्त तुम्हालाच द्यायचं आहे.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पिंपळगावहून कॉलेजसाठी नाशिकला आलो होतो, खोलीवर करमत नव्हतं म्हणून संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहायचो. तुम्ही सातपूरच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून खाकी युनिफॉर्मातच आला होतात. माझ्याकडे वर मान करून पाहिलंत आणि म्हणालात, "उंच आहेस. तिथे उभा राहा." माझी निवड एवढीच. पुढच्या आठवड्यात कंपनीत मिळतात ते रबरी ठिपक्यांचे हातमोजे तुम्ही माझ्या अंगावर फेकलेत. बॉल भिजला की ते अजिबात धरायचे नाहीत, आणि कोरडा असला की तळवे सोलून काढायचे. नंतर मी चांगले महागाचे ग्लोव्हज घेतले, फाडले, परत घेतले. पण ठिपक्यांचे ते हातमोजे मी टाकलेले नाहीत. बायको दर दिवाळीला विचारते, यांचं काय करायचं, आणि मी दर दिवाळीला ते परत माळ्यावर ठेवतो.

आपलं मैदान म्हणजे नुसता मुरूम. एकदा झेप घेतली की कमरेपासून मांडीपर्यंत सोलपटून निघायचं. मग तुम्ही मला सायकलवर मागे बसवून घरी न्यायचात आणि काकू हळद-तेल गरम करायला ठेवायच्या. मला ते स्वयंपाकघर आत्ता दिसतंय. मी ओट्याला टेकून एका पायावर उभा आहे, काकू फोडणीच्या पळीतून तेल काढतायत, आणि तुम्ही जेवणाच्या ताटातच मॅच मांडून बसला आहात. भाकरी म्हणजे गोल, ठेच्याची वाटी म्हणजे स्ट्रायकर, मिठाची डबी म्हणजे मी. "ही डबी भाकरीला चिकटून बसली तर ठेच्याला अख्खी भाकरी दिसते. आता डबी पुढे घे. किती दिसते?" मी वाकून बघतो. खरंच, भाकरी जवळजवळ दिसेनाशी झालेली असते. काकू म्हणतात, भाकरी गार होतेय आणि डबीतलं मीठ सांडतंय, तुमचं शिकवून झालं असेल तर जेवा. पुढे कितीही कोचिंग कॅम्प केले तरी स्ट्रायकर एकटा अंगावर आला की मला आधी ठेच्याची वाटीच आठवायची.

तुमचा राग मात्र सगळ्या क्लबाला माहीत होता. रेफरीवर तुम्ही कधी ओरडला नाहीत, आमच्यावर ओरडायचात. तो लीगचा सामना आठवतो? पांडवलेण्याकडच्या गोलात मी उभा होतो. बॉल माझ्या हातातून निसटला, रेषेच्या आत गेला आणि मी तो ओढून बाहेर घेतला. रेफरी लांब होता, त्याने खेळ चालू ठेवला. आपली पोरं सुटकेचा श्वास घेतायत तोवर तुम्ही कडेवरून चालत थेट मैदानात. रेफरीला म्हणालात, गोल झालाय, माझ्या गोलकीपरला विचारा. त्याने मला विचारलं, मी हो म्हणालो आणि आपण हरलो. कॅप्टन तुमच्याशी बरेच दिवस धड बोलला नाही. मीही मनातून धुमसत होतो. तुम्ही मला परतीच्या वाटेवर एवढंच म्हणालात, "बॉल कुठे होता हे मैदानावर एकाच माणसाला नक्की माहीत असतं. तो खोटं बोलायला लागला तर खेळायचं कशाला?" हे वाक्य मी आयुष्यभर अंगात घालून फिरलो, सर. पॅकहाऊसमध्येसुद्धा. वरच्या थरात चांगले घड आणि खाली कसलेही, असली पेटी माझ्या हाताखालून जात नाही, म्हणून व्यापारी मला शिव्या घालतात.

आता निरोपाच्या पेनल्टीकडे येतो. आपल्या क्लबाची ही पद्धत कोणी सुरू केली कोण जाणे, तुम्हीही विचारल्यावर हात झटकायचात. जो सोडून जातोय त्याच्यासाठी आपापसात दोन टीम करून सामना खेळायचा आणि शेवटी त्याने एक पेनल्टी मारायची. बॉल ठेवला की मारणाऱ्याने एक मोजा वर ओढायचा. ज्या पायाचा मोजा, त्या बाजूला तो मारणार. मग गोलकीपरने दुसऱ्या बाजूला अगदी जीव तोडून झेपायचं, गोल व्हायचा, टाळ्या, शाल, नारळ. गोलकीपर म्हणून मी मनापासून खाल्लेले गोल म्हणजे एवढेच. कोणी बदली होऊन चालला, कोणाचा गुडघा गेला, कोणाचं लग्न ठरलं, सगळ्यांना मी हसत गोल दिले.

तुम्हाला दम लागायला लागला आणि डॉक्टरांनी मैदान बंद केलं, तेव्हा तुमचाही सामना ठरला. तुम्ही कोच, तरी हट्टाने बूट चढवलेत. पेनल्टीला तुम्ही बॉल ठेवलात, मागे गेलात, वाकून उजवा मोजा ओढलात. मी तुमच्या डाव्या बाजूला झेपावलो, बॉल तुमच्या उजवीकडून आत गेला. टाळ्या चालू असताना तुम्ही मला हात देऊन उठवलंत आणि माझ्या कानाशी म्हणालात, "मोजा मी खाज सुटली म्हणून ओढला होता. वाटलं होतं, तू तरी खरं खेळशील."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. तुमच्याशी याबद्दल बोलायचं राहूनच गेलं. मी तेवढ्यावर किती चडफडलो असेन याची तुम्हाला कल्पना नाही. कधी तुमचा राग यायचा, पद्धत म्हणजे पद्धत, मला काय स्वप्न पडलं होतं? कधी वाटायचं, सगळ्यांना चालतं ते या माणसाला चालणार नव्हतं, एवढं मला ओळखता यायला हवं होतं. नंतरच्या प्रत्येक निरोपाला मी मारणाऱ्याजवळ जाऊन हळूच विचारायचो, मोजा नक्की ना? पोरं हसायची, म्हणायची, दादा म्हातारे झाले.

आणि झालोच. उजवा खांदा वर जाईना, कोपऱ्यातले उंच बॉल नुसते बघायची पाळी आली. क्लबाने सिन्नरहून एक चांगला गोलकीपर आणला. तिकडच्या कंपनीत कामाला आहे, नुकतंच लग्न झालंय, येताना एसटीत उभा राहून येतो तरी आल्या आल्या पळायला लागतो. हात माझ्यापेक्षा मऊ आहेत त्याचे. चिडावं म्हटलं तर चिडताही येत नाही. माझा सामना जाहीर झाल्यावर तो माझ्याजवळ आला. "दादा, कोणता मोजा वढणार?"

मी म्हणालो, "कोणताच नाही. तू खरं खेळ."

तो गडबडला. "आन मी अडवला तर? तुमचा शेवटचा बॉल हाय. लय बेकार दिसंल ते."

मी त्याला सांगितलं की अडवलास तर मला तुझ्याइतका आनंद दुसरा कोणी देऊ शकणार नाही. तुमची गोष्ट सांगितली, खाजेसकट. तो गंभीर झाला, मान डोलावून गेला. आणि मला इतकं हलकं वाटलं, सर. तुमच्या वेळी राहिलेलं मी माझ्या वेळी करणार होतो. एवढी वर्षं उभं राहिल्यावर एक बॉल खरा. शाल नाही दिली तरी चालेल, पण तेवढं व्हायला हवं होतं.

रविवारी सगळे आले होते. कुंभासाठी खोदलेल्या रस्त्यांना शिव्या देत उशिरा का होईना, पण आले. जुने कॅप्टन काठी टेकत आले. बायको पहिल्यांदाच मैदानात आली आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मैदानाच्या कडेने पळतात ती बघून म्हणाली, यातलं तुमचं फुटबॉल कुठलं? मी अर्धा सामना रस्त्याकडच्या गोलात उभा राहिलो, अर्धा पांडवलेण्याकडच्या. दोन बरे बॉल अडवले, एक सोपा सोडला. मग पेनल्टी.

बॉल ठेवला. समोर तो सिन्नरचा गडी, गुडघे वाकवून, डोळे माझ्या पायांवर. मी इतकी वर्षं त्या जागी होतो, या बाजूने गोल किती मोठा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. मी दोन पावलं मागे गेलो आणि एकदम मनात आलं, हा अडवेल. नक्की अडवेल, मीच त्याला कोन शिकवलेत. मग शाल घेताना सगळे कसंनुसं हसतील, आणि मी घरी जाईन तो शेवटचा बॉलही आत न घालता. मी वाकलो, आणि उजवा मोजा ओढला.

त्याने पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा कसा झाला ते मी विसरणार नाही. मग तो दुसऱ्या बाजूला झेपावला, जीव तोडून, पद्धतीप्रमाणे. टाळ्या, शिट्ट्या, माझी बायको दोन्ही हात वर करून उभी. मी त्याला उठवायला गेलो, तर त्याने माझा हात न घेताच विचारलं, "तुमीच म्हणले व्हते ना, खरं खेळ. मंग मोजा कशाला वढला?"

मी म्हणालो, "खाज सुटली होती रे."

तोंडातून गेले ते शब्द तुमचे होते, सर. शाल कोणी घातली, भाषण कोणी केलं, मला काही आठवत नाही. तो सिन्नरला गेला असेल तो स्वतःला दोष देत. मी जसा गेलो होतो तसाच.

त्याला आज फोन करून सगळं खरं सांगणार आहे. तो तरी मोकळा होऊ दे. हे पत्र मात्र वहीतच राहील. काकू मुलीकडे असतात, त्यांना वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण नको. त्या हसतील आणि तुमची बाजू घेतील. तुमच्यावर मी रागावलेलो नाही, उलट इतक्या वर्षांत तुम्ही मला इतके जवळचे कधी वाटला नव्हतात. खाज मलाही सुटली नव्हती, सर. मोजा उजवा ओढला आणि मारलाही उजवीकडेच. तुम्हीही उजवीकडेच मारला होतात.