समुद्र जागेवर नव्हता

लिमोज, ४ मे

चि. फ्युल्बेर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की होडीत आहे, आवाज येत नाही असं सांगतोस आणि बंद करतोस. पत्राला तरी तसं म्हणता यायचं नाही.

शेजारच्या मार्सलीनने मला सगळं कळवलंय. पन्हळ साफ करायला शिडीवर चढलास आणि थेट कोबीच्या वाफ्यात आपटलास. वर तिलाच दटावलंस म्हणे, की कोबी कसा आलाय ते बघायला खाली उतरलो होतो! अरे, सत्तरी आली तुझी. पुरे झालं ते दलदलीत एकटं राहणं. इकडे ये, कायमचा. तुझा मेव्हणा अनातोल गेल्यापासून आमची मागची खोली रिकामीच आहे. मी तिला पिवळा रंगही दिलाय. चौथा मजला आहे आणि लिफ्ट बंद असते, पण तू तर स्वतःला घोडा समजतोस.

घोडा असशील तर दाखव धावून. कॅनडाला जाताना माझ्या मुलाने, लुबिनने, तुझ्या गोठ्यात ती जाड टायरची, खडीवरून चालणारी सायकल टाकली होती ना? तिच्यावरून घरापासून समुद्रापर्यंत जाऊन दाखव. गेलास, तर लिमोजचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने माझं ऐकायचं.

घेवडा नीट शिजवून खात जा. रागावते ते मायेपोटीच, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
नोएमीताई


आर्से, १९ मे

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पैज मंजूर! घोडा काय असतो ते आता बघच.

सायकल बाहेर काढली. तिच्या टोपलीत—म्हणजे टोपली नाहीच तिला, टोपली कोंबडीच्या खुराड्यातली, मीच तिच्यावर ठेवलेली—असो, कोंबडीला आधी उठवावं लागलं. लुबिनची ती तंग चड्डीही सापडली, बुडाखाली गादी शिवलेली. ती घालून अंगणात आलो, तर मार्सलीन म्हणाली की बाळाला लंगोट बांधल्यासारखं दिसतंय, आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत हसत होती. बाई शहाणी आहे, पण हसू लागली की आवरत नाही.

पण ताई, एक भलतीच अडचण निघालीय. मला रस्तेच माहीत नाहीत! तूच आठव. आपण शाळेत गेलो होडीतून. गाय चरायला गेली होडीतून. बाबांना शेवटचं नेलं तेही होडीतूनच. पाण्यावर मला डोळे बांधून सोड, कुठला कालवा आहे ते वासावरून सांगेन. पण काल सायकलवर बसून घरामागच्या वाटेने निघालो आणि पाच मिनिटांत हरवलो. आपल्याकडे सगळ्या घरांची तोंडं पाण्याकडे. वाटेवरून नुसत्या पाठी दिसतात, आणि पाठीवरून कोण ओळखणार? शेवटी लाज सोडून कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंना आर्सेचा रस्ता विचारला. त्या वळल्या, तर मार्सलीनच! पुन्हा हसली, हे सांगायला नको.

पण माघार घेणार नाही. मला इथून हलवलंस तर मी वाळून जाईन गं. सकाळी दारात पाणी दिसलं नाही तर दिवस उजाडला हे मला कळणार कसं?

आशीर्वाद असावा, पण पैजेपुरता माझ्याच बाजूने असावा.

तुझा,
फ्युल्बेर


लिमोज, २७ मे

चि. फ्युल्बेर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की उसळ करपली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाचून दाखवायला खाली गेले होते, पण त्यांनी दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता.

खोलीला पडदे लावले. पिवळ्यावर निळे. पिवळा रंग जरा भडक वाटला म्हणून पुन्हा एक हात दिला, आता जास्तच भडक झालाय. रविवारी सवयीने दोघांचं मटण शिजवलं, अजून तेच खातेय. तू असतास तर एका बैठकीत संपवलं असतंस.

हरलास तरी चालेल, पण हातपाय मोडून घेऊ नकोस. वेड्यासारखं काही करणार असशील तर निदान खायला ब्रियोशचा गोड पाव बरोबर ने. तुझी वाट बघतेय म्हणून नव्हे, काळजी वाटते म्हणून लिहिते.

तुझी,
ताई


आर्से, १६ जून

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो! म्हणजे, गेलोच असं म्हणायचं. तू जन्मभर कोर्टात कारकुनी केलीस, तेव्हा निकाल तूच दे. मी घडलं तसं लिहितो.

निरोप द्यायला निम्मं गाव धक्क्यावर आलं होतं. मेअरबाईंनी खांद्यावरून मानाचा पट्टा घातला होता, दोन शब्द बोलणार होत्या, पण मला ब्रेक सापडला नाही, त्यामुळे भाषण मी ऐकलं नाही. ओकच्या झाडापाशी डावीकडे सुंदर हिरवळ दिसली, सपाट, नुकतीच कापल्यासारखी. म्हटलं, वा, हाच जवळचा रस्ता. वळवली सायकल.

ताई, तो कालवा होता. टिकल्यांसारखी बारीक हिरवी पानं पाण्यावर साचतात ना, तीच ती. आयुष्यभर मी पर्यटकांच्या कुत्र्यांना हसलो. हिरवळ समजून उडी मारतात आणि बुडबुडे सोडत वर येतात. आता कुत्र्यांची माफी मागायला कुठे जाऊ? मार्सलीन होडी घेऊन मागोमाग येतच होती. माझ्यावर विश्वास नव्हता, असं नंतर म्हणाली. तिने होडीची काठी कॉलरमध्ये अडकवून मला वर काढलं. सायकलही काढली. मग पलीकडच्या काठापर्यंत होडीतून नेलं, पण मी सायकलवरून उतरलो नाही. होडीत सीटवरच बसून होतो. हे निकालात धरावंस ही विनंती.

पलीकडे पॅरिसचे तिघे दातांचे डॉक्टर सायकली घेऊन उभे, रडवेले. त्यांच्या फोनमध्ये रस्ता होता आणि समोर पाणी. त्यांना मार्सलीनने पुढच्या धक्क्यावर सोडलं. त्या उपकारापोटी ते मारांस गावाच्या पुढे मला आपल्या आडोशाला घेऊन चालले. तिथे समुद्राकडून असा वारा सुटला होता की पायडल मारूनही मी मागे जात होतो. ते तिघे पुढे भिंतीसारखे, मी मागे ब्रियोश खात. अंगावरची हिरवी पानं वाळली होती, त्यामुळे एका गायीने मला चाटलं.

आणि संध्याकाळी पोचलो ताई, खाडीच्या बांधावर. बघतो तर समुद्र जागेवर नव्हता! नजर जाईल तिथवर चिखल. शिंपल्यातली कालवं काढणारा एक जण म्हणाला की ओहोटी आहे, रात्री ये. आता, भरती-ओहोटी बघून निघायचं असतं हे आम्हा कालव्यातल्या माणसांना सुचणार कसं? आमचं पाणी कुठे जात नाही. मी आलो, समुद्र आला नाही. यात माझा काय दोष?

निकाल काय लागेल ते सांग. हसू नकोस.

तुझ्या दयेवर असलेला,
फ्युल्बेर


लिमोज, २१ जून

चि. फ्युल्बेर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

निकाल असा की तू साफ हरलास. होडीतली सायकल म्हणजे सामान. आणि समुद्रापर्यंत जायचं ठरलं होतं, चिखलापर्यंत नव्हे. कुठलंच कोर्ट तुला सोडणार नाही.

आता सरळ सांगते. तो समुद्राचा भाग वाचताना मी इतक्या मोठ्याने हसले की खालच्या बाई वर आल्या आणि काही झालं का म्हणून विचारू लागल्या. अनातोलच्या मयतीनंतर माझं दार पहिल्यांदा कोणी वाजवलं रे. त्या गेल्यावर मी त्या पिवळ्या खोलीत जाऊन बसले आणि खूप रडले. तुझी काळजी, तुझी शिडी, तुझं वय, सगळी निमित्तं होती. मला इथे करमत नाही, फ्युल्बेर. अजिबात करमत नाही.

तर हरलास, तेव्हा आता मुकाट्याने माझं ऐक. गुरुवारी दुपारच्या गाडीने निऑरला उतरतेय, सामानासकट, कायमची. मार्सलीनला होडी घेऊन धक्क्यावर उभं राहायला सांग, आणि स्टेशनवर मात्र तू ये. घेवडा दोघांचा टाक.

गुरुवारपर्यंत लोभ पत्रातून, पुढे तोंडावर.

तुझी,
ताई