रविवारी काय केलंस?

टीचर,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी आता तुमचाच विषय शिकवते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. भाईंदर पूर्वेला एका क्लासमध्ये, नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या नर्सना. परवा एका मुलीला उभं करून मी साधा प्रश्न विचारला, तर ती खाली बघत गप्प राहिली. तिला उत्तर येत होतं, मला दिसत होतं. तिला बसायला सांगून मी वर्ग लवकर सोडला.

नववीत आम्ही तेवीस जण जर्मनला होतो. बाकीच्यांनी संस्कृत घेतलं होतं, कारण त्यात मार्क मिळतात. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "इंग्रजीतून जाऊ नका, मराठीतून या. आपल्याकडे तो, ती, ते आहे ना? त्यांच्याकडेही आहे." मग टेबलावर चमचा, काटा आणि सुरी मांडलीत. डेअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर. आपली सुरी 'ती' आणि त्यांची 'ते', यावर वर्ग हसला, तुम्हीही हसलात. पण पेपर तपासताना तुम्ही हसायचा नाहीत. तो-ती-ते चुकलं की अर्धा मार्क गेलाच. सहामाहीत निम्मा वर्ग पन्नाशीच्या खाली आला आणि पालकांचे एकमेकांना फोन सुरू झाले. त्यात पुढे होते माझे बाबा. "वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करून आलेली बाई आमच्या मुलांना जर्मन शिकवणार?" तुम्ही जर्मनीत अकरा वर्षं ते काम केलंत, भाषा तिथेच शिकलात, परीक्षा दिल्यात आणि आईच्या आजारपणामुळे परत आलात, हे तुम्ही आम्हाला वर्गात सांगितलं होतंत. घरी जाऊन ते मीच सांगितलं होतं. बाबांनी त्यातलं हवं तेवढं उचललं.

तरी तुम्ही रविवारी बोलावलंत तेव्हा मी आले. "इंद्रलोकला मैत्रिणीकडे प्रोजेक्ट आहे," असं घरी सांगून उत्तनच्या बसमध्ये बसले. तारोडीला तुमच्या अंगणात बोंबील वाळत होते. आतून तुमच्या आईंनी विचारलं, "कोन हाय गो?" "माजी पोर हाय, शालंतली," तुम्ही म्हणालात. तुम्हाला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि 'माजी पोर' ऐकून मला उगाचच लाजल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात तुम्ही कांदा चिरताय, मी नारळ खवतेय, आणि जेवण होईपर्यंत मराठी बोलायचं नाही अशी तुमची अट आहे. मी प्रत्येक शब्दाला अडते. तुम्ही चिरायचं थांबता. अट तुम्हीच मोडता. "चुकलीस तर चालेल. गप्प बसलीस तर मी दुरुस्त काय करू?" त्यानंतर मी तासभर बोलले. धडाधड चुकत, पण न थांबता.

पुढच्याच शनिवारी पालकसभा होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत पंधरा-वीस पालक, समोरच्या खुर्चीत बाबा, दाराशी आम्ही चार मुलं. "मुलांना काहीच येत नाही," बाबा म्हणाले. "एक वाक्य धड बोलता येत नाही." तुम्ही उठलात. आवाज शांत होता, पण हातातला रुमाल तुम्ही घट्ट आवळला होता. "तुमचीच मुलगी बोलेल," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे वळलात. "वास हास्ट दू आम झोनटाग गेमाख्ट?" रविवारी काय केलंस?

सगळ्या माना माझ्याकडे वळतात. पंख्याचा खडखडाट ऐकू येतोय. वाक्य माझ्या जिभेवर तयार आहे, क्रियापद शेवटी, अगदी तुम्हाला हवं तसं. तुम्ही किंचित मान हलवता, बोल म्हणून. मी बाबांकडे बघते आणि मग फरशीकडे. तुम्ही प्रश्न पुन्हा, सावकाश विचारता. "बघा," बाबा म्हणतात. तुम्ही खाली बसलात. मला वाटलं होतं, तुम्ही रागाने बघाल. तुम्ही बघितलंच नाहीत.

दिवाळीनंतर जर्मन बंद झालं आणि आम्हाला संस्कृतच्या वर्गात बसवलं. तुम्ही मीरा रोडच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागलात. कॉलेजात मी पुन्हा जर्मन शिकू लागले होते, तेव्हा एकदा भाईंदर पश्चिमेच्या बसस्टॉपवर तुम्ही भेटलात. मी बॅगेतलं जर्मनचं पुस्तक आत ढकललं. "बाबा बरे आहेत ना?" तुम्ही एवढंच विचारलंत. "हो," मी म्हणाले. तुमची बस आली. तुम्ही गेलात तेव्हा तुमची मातीही मी चुकवली. मी भाईंदरमध्येच होते.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की मी घाबरले होते, रविवारी कुठे गेले होते ते बाबांना कळलं असतं. पण टीचर, त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणाला जर्मन येत होतं? तुमच्या घरी जेवले, नारळ खवला, असं सगळं खरं खरं सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. हे मला तिथे उभी असतानाही ठाऊक होतं. सहामाहीत मला बेचाळीस मार्क पडले होते, आणि मलाही संस्कृत हवं होतं.