उपाशीपोटी एक

१४ सप्टेंबर, रविवार
वजन ६७.८. होळीला ८१ होतं. गावभराचे ब्लाऊज शिवण्यात जन्म गेला, आज पहिल्यांदा स्वतःचा दोन्हीकडून आत घेतला. हे म्हणाले, "आता जरा माणसात आलीस." पंधरा वर्षं ढोली म्हणत होते, तेव्हा मी काय गोठ्यात बांधलेली होते? पण बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, तरी वाटलं ते वाटलं.

'थायरॉईड सपोर्ट'ची तिसरी बाटली. मला थायरॉईड नाही, म्हणजे कधी तपासलंच नाही. मोबाईलवर या गोळ्या विकणाऱ्या मॅडम म्हणतात, थायरॉईड म्हणजे अंगातली शेगडी, ती मोठी केली की चरबी जळते. सुईत दोरा ओवायला चार खेपा लागल्या, हात थरथरतो. मॅडम म्हणाल्या, होतं असं, घाबरायचं नाही.

१८ सप्टें., गुरुवार
अक्का आली. मोठी जाऊ असून कधी जावेसारखी वागली नाही. सासरी मला नावानं हाक मारणारी एवढी एकच. बाकी सगळ्यांची मी 'जाडी'.
"शैले, मलाबी दे की तुझ्या त्या गोळ्या. ह्या वजनानं गुडघं बसू देईनात. नवरात्रात घटापुढं मांडी घालायची हाय मला."
माझ्याकडं एक कोरी बाटली होती, ती दिली. कशी घ्यायची म्हणाली. म्हटलं, उपाशीपोटी. एवढंच बोलले. ब्लाऊज न्यायला बाई दारात उभी होती. अक्कानं बाटली पदराखाली घातली. मोठ्या भावजींना सांगायचं नाही, असं ठरलं.

२२ सप्टें., सोम. घट बसले.
अक्काचे नऊ दिवस कडक. पाणी आणि एखादं केळ.

२४ सप्टें.
अक्काच्या अंगात वारं भरलंय. माझ्या घरची भांडीसुद्धा घासून गेली. "भूकच लागंना बघ यंदा! देवीची किरपा!" घामानं निथळत होती. मी हसले. म्हटलं, देवीची नाही, माझी कृपा.
आपल्या जिभेला काही हाड नाही.

२६ सप्टें., शुक्र. पाचवी माळ
अक्का आरतीत पडली. टाळी वाजवता वाजवता बसली आणि कलंडली. छातीवर हात ठेवला तर आत नुसती धडधड. भावजींनी जीप काढली. पारनेरच्या दवाखान्यात म्हणाले, थांबू नका, नगरला न्या. नेलं.
डॉक्टरबाई तरुण आहेत. विचारलं, "काही औषध चालू होतं? आयुर्वेदिक, घरगुती, काहीही?"
अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.
मी शेजारीच उभी. उपासानं झालं असेल, असं भावजी म्हणाले आणि मीही मान डोलावली. मेले का नाही मी तिथंच.

२७ सप्टें., शनि.
ठोके अजून उतरत नाहीत. डॉक्टरबाई म्हणतात, थायरॉईड फार वाढलेला दिसतोय, आणखी रिपोर्ट यायचाय, मग त्याचा इलाज सुरू करू. बराच काळ चालेल.
भावजी चहाला गेले तेव्हा अक्काच्या कानाशी लागले.
"अक्का, रोज एकच घेत होतीस ना?"
"एक कशाला? तूच म्हनली न्हवं, उपाशीपोटी. मी तर दिसभर उपाशीच हुते. पोटात खड्डा पडला की एक. कवा तीन, कवा चार."
अगं बाई, उपाशीपोटी म्हणजे सकाळी उठल्या उठल्या! एकदा! हे सांगायला मला किती वेळ लागला असता?
म्हटलं, मी डॉक्टरांना सांगते. तिनं हात घट्ट धरला. "नगं. हे तुला पुन्यांदा उंबऱ्यात उभं करनार न्हाईत. दोन दिसांत उतरल माझं."
आणि नाही उतरलं तर?
हे घरी जाऊ म्हणाले. नाही गेले. खुर्चीवर बसून आहे. न झालेल्या रोगावर ही बाई किती दिवस औषध खाणार, माझ्यापायी?

२८ सप्टें., रवि.
सांगितलं.
अक्काच्या घरून तिची बाटली आणली, डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली. भावजी समोरच होते. त्यांना बाहेर पाठवून सांगता आलं असतं, पण म्हटलं, आता काय लपवायचं. "ही मी दिली. नवरात्रात रोज तीन-चार घेतल्यात तिनं."
बाईंनी बाटली उलटीपालटी करून वाचली. म्हणाल्या, "यात थायरॉईडचं औषधच असावं. हृदयाशी खेळ आहे हा. आज तरी बोललात." आता इलाज वेगळा. पुढचे आठ दिवस जपायचे म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "तुम्ही पण घेता?"
म्हटलं, बंद केली.
भावजी उठून बाहेर गेले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.
यांनी मात्र जिन्यातच गाठलं. "तुला कुणी सांगितले होते नसते उद्योग?"
"तुम्हीच. पंधरा वर्षं. रोज."
जिना उतरून गेले.

३० सप्टें.
दोन दिवस खरंच घेतली नाही. काट्यावर सव्वा किलो वाढ. सगळं परत येणार. ती हाक, ते हसणं, एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईचं ते सरकून घेणं. अक्का तिकडं नळ्या लावून पडलीय आणि मी इथं काट्यावर उभी राहून रडतेय. कसली बाई आहे मी!
एक घेतली. एकच.

२ ऑक्टोबर, दसरा
अक्काला सोनं द्यायला गेले. भावजींनी आत जाऊ दिलं, पण माझ्या हातातलं पान घेतलं नाही. अक्काचे ठोके दिवसा बरे असतात, पहाटे पुन्हा चढतात. अजून काही सांगता येत नाही, म्हणतात.
तोंड एवढंसं झालंय. बारीक झालीय. तिला तसं म्हणणार होते, जीभ चावली.
पानं तिच्या उशाशी ठेवली.
"शैले, तू बंद केली न्हवं ती गोळी?"
"केली."
"कवा?"
"त्याच दिवशी."
तिनं माझं मनगट धरलं, नर्स धरतात तसं, दोन बोटं आतल्या बाजूला. डोळे मिटून घेतले. मी हात ओढून बघितला, तिनं सोडला नाही.
"आता सांग," म्हणाली.